ऑफिसचा फाइल सर्व्हर: रॅम किती, बँडविड्थ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीपासून फोंड्यापर्यंतच्या लहान कचेऱ्यांचे फाइल सर्व्हर मी उभे करतो आणि सांभाळतो. आर्किटेक्ट, सीए, छापखाने, लग्नाचे व्हिडिओ करणारे स्टुडिओ, एक-दोन शाळा असे हे लोक. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे, पुढचे अवघड. उत्तरं लिनक्सवरच्या सांबा (मुख्यतः विंडोजच्या पीसींना फाइली देणारा प्रोग्राम) आणि एनएफएस (मुख्यतः लिनक्सच्या मशिनांना फाइली देण्याची पद्धत) सर्व्हरला धरून आहेत. बाजारात मिळणाऱ्या तयार नासच्या (जाळ्याला थेट जोडायच्या फाइल सर्व्हरच्या) डब्यातही बहुतेक वेळा आत लिनक्सच असतो, त्यामुळे ती तिथेही लागू पडतात.

१. फाइली डिस्कवर असतात, मग सर्व्हरला रॅम लागते कशाला?

तीन कामांसाठी. जोडलेल्या प्रत्येक माणसामागे सर्व्हर थोडी मेमरी वापरतो. सांबात प्रत्येक क्लायंटसाठी, म्हणजे जोडलेल्या पीसीसाठी, वेगळी प्रोसेस चालते, आणि तिला काही एमबी ते काही दहा एमबी लागतात. दुसरं काम बफरचं: वायरवरून येणारा-जाणारा डेटा क्षणभर जिथे थांबतो ती जागा. तिसरं काम सगळ्यात मोठं. एकदा डिस्कवरून वाचलेली फाइल लिनक्स रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो, आणि ती पुन्हा कोणी मागितली की डिस्कला हात न लावता तिथूनच देतो. याला पेज कॅशे म्हणतात. दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात पहिली दोन कामं अर्ध्या जीबीच्या आसपास उरकतात. रॅम किती घ्यायची हे ठरतं ते तिसऱ्या कामावरून.

२. स्विचवर १०० एमबीपीएस लिहिलंय, पण कॉपी करताना विंडोज ११ च दाखवतो. दुकानदाराने फसवलं का?

नाही. वायरचा वेग, म्हणजेच बँडविड्थ, मेगाबिटमध्ये सांगतात आणि कॉपीच्या चौकटीत मेगाबाइट दिसतात. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून १०० ला ८ ने भागलं की १२.५. त्यातून डेटा ज्या पाकिटांतून जातो त्यांच्या वेष्टणाचा खर्च वजा जाता ११ ते १२ उरतात. याच हिशेबाने गिगाबिटवर कागदोपत्री १२५ आणि हाती ११० ते ११८ एमबी, तर २.५ गिगाबिटवर साधारण २८० एमबी मिळतात. पुढच्या सगळ्या उत्तरांत मी सेकंदाला एमबी हेच माप धरलं आहे. मात्र १०० चा स्विच आजच्या ऑफिसात ठेवू नका. तो बदलणं ही सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

३. आमच्याकडे दहा माणसं आहेत. ४ जीबी पुरेल की १६ घेऊ?

माणसं मोजू नका, आठवड्याचं काम मोजा. गेल्या सात दिवसांत बदललेल्या फाइली शोधून त्यांच्या आकाराची बेरीज करा. बदल न करता रोज उघडल्या जाणाऱ्या फाइली आठवून त्यात मिळवा: छापखान्यातले लोगो आणि फाँट, आर्किटेक्टकडचे ठरलेले ब्लॉक. ही बेरीज ५ जीबी आली, तर तेवढी कॅशेसाठी आणि दोनेक जीबी सिस्टिमसाठी, म्हणजे ८ जीबी घ्या.

कागदपत्रं, एक्सेल आणि कॅडचं काम करणाऱ्या दहा माणसांच्या ऑफिसात ४ जीबीवर सर्व्हर चालतो आणि ८ जीबीवर सुखाने चालतो. दर महिन्याला शंभर-दोनशे जीबी नवं फुटेज ओतणाऱ्या व्हिडिओ स्टुडिओत मात्र ३२ जीबी टाकूनही कॅशेचा लाभ थोडाच मिळतो, कारण तीच फाइल लगेच पुन्हा वाचली जाईल याची शाश्वती नसते. तिथे पैसा डिस्क आणि वायरवर घाला (प्रश्न ८ पाहा). झेडएफएस (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत) वापरत असाल तर आधी प्रश्न १५ वाचा.

४. सर्व्हरवर रिकामी रॅम जेमतेम दोनशे एमबी दिसते. रॅम संपली का?

बहुधा नाही. रिकामी रॅम म्हणजे वाया चाललेली रॅम, म्हणून लिनक्स ती कॅशेने भरून टाकतो आणि कुणाला गरज पडली की लगेच सोडतो. 'फ्री' कमांडच्या उत्तरात 'फ्री' हा रकाना पाहायचाच नाही, शेवटचा 'अव्हेलेबल' पाहायचा. तो एकूण रॅमच्या दहाव्या हिश्श्याखाली टिकून राहिला आणि शिवाय 'व्हीएमस्टॅट'मध्ये स्वॅपचे (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचे) आत-बाहेरचे आकडे सतत हलत असतील, तर रॅम खरोखर कमी पडते आहे. स्वॅपमध्ये थोडं काही पडून असणं हा दोष नाही. ते सतत येत-जात असणं हा दोष.

५. ८ ची १६ जीबी केली तरी वेग तेवढाच. असं कसं?

कारण अडसर रॅमचा नव्हता. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर आजची साधी ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला १५० ते २०० एमबी देते. तुमची गिगाबिट वायर ११५ च्या आसपास थकते. डिस्क वायरच्या पुढे असताना रॅम घालून काय होणार?

रॅमचा गुण दिसतो तो पाच-सहा जण एकाच वेळी वेगवेगळ्या फाइली मागतात तेव्हा. डिस्कचं डोकं इकडून तिकडे धावू लागतं आणि तिला सेकंदाला शंभर-दीडशे उड्याच जमतात. त्यातल्या निम्म्या मागण्या कॅशेने परस्पर भागवल्या की सगळ्यांना हलकं वाटतं. म्हणून खरेदीआधी मोजा. 'आयपर्फ' हा प्रोग्राम फक्त वायर मोजतो, डिस्कला शिवतही नाही. त्याचा मेगाबिटचा आकडा ८ ने भागून ११५ च्या आसपास येत असेल तर वायर ठीक. मग सर्व्हरवर बसून तिथल्या तिथे मोठी फाइल वाचून डिस्कचा वेग पाहा. दोन्हींत जो आकडा लहान, तिथे पैसे घाला. या दहा मिनिटांच्या मोजणीआधी मी कुणालाही काहीही विकत घ्यायला सांगत नाही.

६. स्विच गिगाबिट, कार्ड गिगाबिट, तरी वेग ११ वरच अडकतो. का?

केबल. गोव्यात तर पहिला संशय तिच्यावरच घ्यायचा.

गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एका जोडीचा संपर्क सुटला की अनेक कार्डं कसलीही तक्रार न करता १०० वर उतरतात. ऑफिसात इंटरनेट चालू, फाइली उघडतात, म्हणून कुणाला कळतच नाही. आपल्याकडची हवा खारट आणि चार महिने ओली. भिंतीवरचे जॅक आणि केबलच्या टोकाचे धातूचे दात काळे-हिरवे पडतात. स्वस्त जॅकवर सोन्याचा मुलामा नावापुरताच असतो. मिरामार, कळंगुट, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या ऑफिसात मी दर पावसाळ्यानंतर प्रत्येक पोर्टचा ठरलेला वेग तपासतो. लिनक्सवर 'ईथटूल' तो दाखवतो, विंडोजवर अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये दिसतो.

फोंड्याच्या एका आर्किटेक्टकडे वर्षभर सर्व्हर बदलण्याची चर्चा चालू होती. मी गेलो तेव्हा टेबलाच्या पायाखाली चेपलेली एक पॅच केबल सापडली. ती बदलली आणि त्या टेबलावरचा वेग दहापट झाला. सर्व्हरला कुणी हातही लावला नाही.

७. वाय-फायवरून सर्व्हर वापरला तर चालेल?

बघायला, वर्डच्या फाइलीला चालेल. वाय-फायची हवा सगळ्यांत वाटली जाते आणि एका वेळी एकच बोलू शकतो, म्हणून खोक्यावरचा आकडा हाती कधीच येत नाही. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत, उदाहरणार्थ फोंतैन्यात थाटलेल्या ऑफिसांत, दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत सिग्नलचा जीव जातो. कॅड, फोटोशॉप आणि व्हिडिओ यांना वायरच द्या.

८. किती कामाला किती बँडविड्थ हे आधी कसं काढायचं?

एकाच क्षणी होणारं सगळ्यात जड काम लिहून काढा आणि बेरीज करा.

आर्किटेक्टचं ऑफिस घ्या. सकाळी साडेनऊला दहा जण २०-२० एमबीचं ड्रॉइंग उघडतात. सगळे मिळून २०० एमबी, गिगाबिटवर दोन सेकंदांच्या आत. दिवसभर त्याहून हलकं काम. इथे १० गिगाबिटवर खर्च करणं म्हणजे पैसे मांडवीत टाकणं. जमिनीचे एक-चौदाचे उतारे स्कॅन करून ठेवणाऱ्या वकिलाच्या ऑफिसचंही तसंच, फाइली लहान आणि गर्दी नाही.

व्हिडिओचं गणित वेगळं, कारण तिथे वेग एका क्षणापुरता लागत नाही, तो सतत लागतो. कॅमेऱ्याची १०० मेगाबिटची ४के फाइल म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. लग्नाचं तीन कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र लावून एडिट केलं की ३७.५. असे तीन एडिटर शेजारी शेजारी बसले की ११२.५, आणि गिगाबिट काठोकाठ भरलं. चौथ्याने काही कॉपी करायला घेतलं की तिघांचाही प्ले अडखळणार. प्रोरेझ ४२२ एचक्यू या अ‍ॅपलच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ४के, २५ फ्रेम असेल तर एकच धार ७३७ मेगाबिट खाते. अशा ठिकाणी सर्व्हर ते स्विच १० गिगाबिट आणि स्विच ते एडिटर २.५ ही मांडणी मला सगळ्यात परवडणारी वाटते. फक्त मागे डिस्कही तेवढी हवी: साधी साटा एसएसडी ५५० एमबीच्या आसपास देते, एकटी हार्ड डिस्क मात्र तीन एडिटरना पुरत नाही.

९. सर्व्हरला दोन केबल लावून २ गिगाबिट करता येईल का?

सर्व्हरसाठी येईल, एका माणसासाठी नाही. साध्या लिंक अ‍ॅग्रिगेशनमध्ये एक जोडणी एकाच केबलवरून जाते. चार जण एकदम काम करत असतील तर ते दोन केबलींवर वाटले जातात, तेही नशिबाने सारखे वाटले गेले तर. एकट्याची कॉपी ११५ वरच राहते. एसएमबी (विंडोज आणि सांबा एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती) ३ च्या मल्टिचॅनलमध्ये एकाच माणसाची कॉपी दोन वायरींवर पसरते, पण मग त्याच्या पीसीलाही दोन पोर्ट हवेत. सांबात हे ४.१५ आवृत्तीपासून मुळातच चालू असतं. इतकी खटपट करण्यापेक्षा आज २.५ चं कार्ड बसवणं सोपं.

१०. जंबो फ्रेम चालू करू का?

गिगाबिटवर नको. १५०० बाइटच्या पाकिटाऐवजी ९००० चं केल्याने जेमतेम चार-पाच टक्के वाचतात, आणि वाटेतला एखादा स्विच किंवा प्रिंटर १५०० वर राहिला की काही फाइली उघडतात, काही लटकतात. ते कोडं सोडवण्यात दिवस जातो. फक्त १० गिगाबिटच्या वेगळ्या जाळ्यावर, सगळी उपकरणं स्वतः तपासून, करा.

११. सांबाच्या सॉकेट ऑप्शनमध्ये ८१९२ बाइटचे बफर घातले की वेग वाढतो असं वाचलं. खरं आहे?

आता उलटं होतं. तो सल्ला फार जुना आहे. सांबा १९९२ मध्ये सुरू झालं, आणि त्या काळच्या कर्नलांना (सिस्टिमच्या गाभ्यांना) बफर हाताने सांगावे लागत. आजचा लिनक्स प्रत्येक जोडणीचा बफर स्वतः वाढवतो-घटवतो. तुम्ही आकडा लिहिलात की तो ही सोय बंद करून तुमचा आकडा मानतो.

हिशेब करून पाहा. बफर किती हवा, तर वेग गुणिले जाऊन-येऊन लागणारा वेळ. गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी, ऑफिसातल्या जाळ्यावर फेरीला ०.३ मिलिसेकंद धरू. गुणाकार सुमारे ३७ केबी येतो. तिथे ८ केबीवर अडवलं तर हिशेबाने २७ एमबीच्या वर जाता येत नाही. ती ओळ सापडली तर पुसून टाका. जुन्या ऑफिसात ती मला अजून सापडते, आणि कुणी घातली हे कुणालाच आठवत नसतं.

१२. एनएफएसवर आरसाइझ (एका वेळी वाचायचा तुकडा) १ एमबी मागितला, पण माउंट झाल्यावर २५६ केबीच दिसतो. का?

रॅम आणि बँडविड्थ इथे थेट एकमेकांत गुंतलेल्या आहेत. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर सुरू होताना एकूण रॅमचा ४०९६ वा हिस्सा काढतो आणि एका वेळी त्याहून मोठा तुकडा देत नाही. पूर्ण ४ जीबी हाती असेल तर १ एमबी बसतो. २ जीबीच्या जुन्या डब्यात हिशेबाने ५१२ केबी यायला हवेत, पण कर्नलने स्वतःसाठी थोडी राखल्याने हाती २ जीबीला जराशी कमी रॅम पडते, आणि आकडा निम्म्याने घसरून २५६ वर येतो. तुम्ही क्लायंटवर काहीही मागा, मिळतं ते सर्व्हरला परवडणारं. इथे मात्र रॅम वाढवल्याने खरोखर फरक पडतो.

थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी मागण्या हाताळणाऱ्या कामकऱ्यांचा, प्रश्नही याच्याशीच जोडलेला. अनेक सर्व्हरवर एनएफएसचे थ्रेड ८ च असतात. वीसेक मशिनं एकदम आदळत असतील तर ३२ करा. प्रत्येक थ्रेड मोठ्या तुकड्यासाठी सुमारे १ एमबी राखतो, म्हणजे ३२ ला ३२ एमबी, काहीच नाही. पण डिस्कच थकलेली असेल तर थ्रेड वाढवून फक्त रांग लांबते.

१३. एक ४ जीबीची फाइल भरभर जाते, पण छोट्या दहा हजार फोटोंना खूप वेळ लागतो. एकूण आकार तर कमीच आहे!

कारण इथे बँडविड्थ रिकामी बसलेली असते आणि वेळ वाट पाहण्यात जातो. प्रत्येक फाइल उघड, हक्क बघ, लिही, बंद कर, अशा फेऱ्या होतात. दहा फेऱ्या धरल्या आणि फेरीला ०.३ मिलिसेकंद, तर एका फाइलीला ३ मिलिसेकंद. दहा हजारांना अर्धा मिनिट, तोही डेटा न हलवता. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक फाइल थांबवून तपासत असेल तर पाहायलाच नको.

उपाय: झिप करून एक फाइल पाठवा. शिवाय एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली ठेवू नका. विंडोजला नावातलं लहान-मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला वेगळं. म्हणून 'नसलेली' फाइल खरंच नाही याची खात्री करायला सांबाला अख्खं फोल्डर चाळावं लागतं. प्रत्येक नव्या फाइलीसाठी. फोटो स्टुडिओंनो, वर्ष-महिना-समारंभ असे फोल्डर पाडा. फरक त्याच दिवशी दिसेल.

१४. कॉपी आधी जोरात धावते, मग शून्यावर येऊन थांबते, पुन्हा धावते. हे काय?

येणारा डेटा लिनक्स आधी रॅममध्ये घेतो आणि सवडीने डिस्कवर लिहितो. उपलब्ध रॅमच्या १० टक्के असा डेटा साचला की मागे लिहिणं सुरू होतं, २० टक्के झाला की लिहिणाऱ्यालाच थोपवलं जातं. १६ जीबीच्या सर्व्हरवर हे तीनेक जीबी होतात. डिस्क वायरपेक्षा मंद असेल, म्हणजे यूएसबीवरची किंवा एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी), तर हा साठा भरतो आणि तुम्हाला शून्य दिसतं. म्हणजे रॅम जास्त असल्याने हा झटका उलट मोठा होतो! मर्यादा टक्क्यांऐवजी बाइटमध्ये द्या: मागचं लिहिणं १२८ एमबीला सुरू, थोपवणं ५१२ एमबीला. सरासरी वेग तोच राहतो, पण धार एकसारखी होते.

या साठ्याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. रॅममधला न लिहिलेला डेटा साधारण ३० सेकंदांपर्यंत तसाच पडून राहू शकतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, कडाडतं, वीज जाते. तेवढा डेटा गेला. सर्व्हरला यूपीएस लावाच, आणि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा म्हणजे बॅटरी उतरण्याआधी तो स्वतःहून नीट बंद होईल. ती वायर खोक्यातच राहिलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे. एनएफएसवर वेगासाठी 'असिंक' करण्याचा मोह होतो, कारण मग सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच 'लिहिलं' म्हणून सांगतो. दुसऱ्यांच्या कामाच्या फाइली असतील तिथे मी ते कधीही करत नाही.

१५. झेडएफएसला दर टीबीमागे १ जीबी रॅम लागतेच का?

तो ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे. ४० टीबीचं क्वचित वाचलं जाणारं बॅकअप ८ जीबीवर निवांत चालतं. झेडएफएस स्वतःचा कॅशे, एआरसी, वेगळा ठेवतो आणि लिनक्सवर बराच काळ त्याची कमाल मर्यादा निम्मी रॅम अशी राहिली. हा कॅशे 'फ्री'मध्ये वापरलेल्या रॅमच्या रकान्यात दिसतो, त्यामुळे प्रश्न ४ मधली खूण इथे जशीच्या तशी चालत नाही. एआरसीचा आकार वेगळा पाहा.

खरा धोका डीड्यूपचा, म्हणजे सारखे ब्लॉक एकदाच साठवण्याच्या सोयीचा. त्यात प्रत्येक ब्लॉकमागे सुमारे ३२० बाइटची नोंद हाताशी लागते. १२८ केबीचे ब्लॉक असतील तर १ टीबीला अडीच जीबी, १६ केबीचे असतील तर २० जीबी. नोंदी रॅममध्ये मावल्या नाहीत की प्रत्येक लिहिण्याला डिस्क चाळावी लागते आणि सर्व्हर गुडघ्यावर येतो. नंतर बंद केलं तरी जुना डेटा तसाच राहतो. लहान ऑफिसात ते चालू करू नका, कॉम्प्रेशन वापरा.

१६. म्हापशाच्या शाखेतून व्हीपीएनवर (इंटरनेटवरून ऑफिसच्या जाळ्याला जोडून) पणजीचा सर्व्हर उघडतो. दोन्हीकडे १०० एमबीपीएस फायबर आहे, तरी फोल्डर उघडायलाच वेळ लागतो.

प्रश्न १३ चा हिशेब इथे पुन्हा करा, फक्त ०.३ च्या जागी तुमचा पिंग, म्हणजे एका फेरीचा वेळ, घाला. तो २० मिलिसेकंद असेल तर त्याच दहा हजार फाइलींना अर्ध्या मिनिटाऐवजी अर्ध्या तासाहून जास्त लागेल. प्लॅन ३०० चा घेतला तरी हा वेळ हलत नाही, कारण वाट लांब आहे, अरुंद नाही. शाखेत छोटा सर्व्हर ठेवून रात्री सिंक करा, किंवा पणजीच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपने बसा.

१७. विंडोज ११ अपडेट झाला आणि जुना नास उघडतच नाही. सर्व्हर बिघडला का?

नाही. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो प्रत्येक एसएमबी जोडणीवर सही (डेटा वाटेत बदलला नाही याची खूण) मागतो, आणि पासवर्डशिवायच्या 'गेस्ट' शेअरला सही करता येत नाही. नासवर प्रत्येकाचं नाव-पासवर्ड तयार करा, काम होईल. जुन्या प्रोसेसरवर सहीमुळे वेग थोडा उतरू शकतो. तो सोसा, सही बंद करू नका. याच कारणाने जुन्या झेरॉक्स मशिनच्या स्कॅनसाठी एसएमबी १ पुन्हा चालू करू नका. मे २०१७ मध्ये फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो त्याच दारातून. स्कॅनला एफटीपीचा वेगळा फोल्डर द्या.

१८. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकट्याने उघडलं तर झटपट, दुसऱ्याने उघडलं की दोघांनाही मंद. रॅम वाढवू का?

रॅमचा इथे संबंध नाही. एकटे असता तेव्हा सर्व्हर तुमच्या पीसीला परवानगी देतो की फाइलीचा भाग स्वतःकडे ठेव, प्रत्येक वेळी विचारू नकोस. याला ऑपलॉक म्हणतात. दुसरा आला की ही परवानगी मागे घेतली जाते, आणि दोघांनाही दर वाचण्या-लिहिण्याला सर्व्हरपर्यंत फेरी मारावी लागते. हे मंद होणंच तुमचा डेटा वाचवतं.

ऑपलॉक पूर्ण बंद केले तर एकट्यालाही मंद होईल. लॉकिंगच बंद करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, दोघांच्या नोंदी एकमेकांवर चढतील आणि ते मार्चअखेरीस कळेल. डेटा ज्या मशिनवर आहे तिथेच सॉफ्टवेअर चालवा आणि बाकीच्यांना रिमोट डेस्कटॉपने आत येऊ द्या, किंवा त्या सॉफ्टवेअरची सर्व्हर आवृत्ती असेल तर ती घ्या. पहिला मार्ग निवडलात तर मात्र त्या मशिनला माणशी दोनेक जीबी रॅम जास्त द्या.